फराळाच्या ऑनलाइन ऑर्डरी: कुठलं टूल, कशासाठी आणि कोणाच्या नावावर

घरगुती फराळ, मसाले, पापड-कुरडया विकणाऱ्यांना गणपती गेले की दोन तऱ्हेचे फोन सुरू होतात. एक गिऱ्हाइकांचे, 'यंदा चकलीचा काय भाव?' म्हणून. दुसरे सॉफ्टवेअरवाल्यांचे: वेबसाइट, अ‍ॅप, बल्क मेसेज, 'गूगलवर पहिल्या पानावर आणतो'. दुसऱ्या फोनला हो म्हणण्याआधी एका कागदावर ऑर्डरीचा प्रवास लिहून काढा. गिऱ्हाइकाला तुमचं नाव कुठे दिसतं, ते विचारपूस कुठे करतं, ऑर्डर कुठे नोंदली जाते, पैसे कसे येतात आणि डबा घरी कसा पोचतो. पाचच टप्पे. ज्या टप्प्यावर काम खरोखर तुंबतं तिथे टूल घ्यायचं. बाकीच्या ठिकाणी वही चालत असेल तर वही चालू द्यायची.

फराळाच्या धंद्यात बहुतेकदा तुंबतं ते नोंदीपाशी. विचारणा भरपूर असते, पण 'दोन किलो चिवडा, एक किलो शंकरपाळी, वसुबारसेच्या आधी हवं' हा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या ढिगात वर सरकून जातो आणि धनत्रयोदशीला आठवतो. अशा वेळी जाहिरातीवर पैसे घातले तर फक्त घोटाळा वाढतो. म्हणून इथला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे: आधी नोंद आणि पैसे, मग गूगल, जाहिरात त्याच्याही नंतर. आणि प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारायचा. हे खातं कोणाच्या नावावर आहे, आणि उद्या सोडायचं म्हटलं तर माझी गिऱ्हाइकांची यादी माझ्याबरोबर येते का? दर महिन्याला किती रुपये जातात यापेक्षा हा प्रश्न मोठा.

नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅप

धंद्याचा नंबर घरच्या नंबरापेक्षा वेगळा हवा. एकाच फोनवर साधं व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस ही दोन्ही अ‍ॅप दोन वेगळ्या नंबरांवर चालतात, त्यामुळे दुसरा फोन घ्यायची गरज नाही. लँडलाइनवरही बिझनेस अ‍ॅप सुरू करता येतं. ओटीपी मेसेजऐवजी फोन करून मागवायचा. सिम कोणाच्या नावावर आहे ते मात्र आधी बघा. भाच्याच्या नावावरच्या सिमवर धंदा उभा राहिला तर नंबर भाच्याचा. प्रीपेड सिमला फक्त दिवाळीपुरतं रिचार्ज करणंही महागात पडतं, कारण बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी काढून घेते आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. पाकिटावर छापलेला नंबर मग अनोळखी माणसाच्या घरी वाजतो. सेटिंगमध्ये जाऊन टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा ६ आकडी पिन घाला आणि सोबत ईमेलही द्या. ईमेल दिला नसेल तर पिन विसरल्यावर खातं परत मिळवायला काही दिवस थांबावं लागतं, आणि ऐन दिवाळीत ते परवडत नाही.

बिझनेस अ‍ॅप फुकट आहे आणि छोट्या धंद्याला लागणारं त्यात जवळपास सगळं आहे. कॅटलॉगमध्ये ५०० पर्यंत वस्तू बसतात. प्रत्येक पदार्थाच्या नावात वजन लिहा ('भाजणीची चकली, अर्धा किलो') आणि दर उघड लिहा. 'दरासाठी मेसेज करा' असं लिहिलं की दिवसभर दरच सांगत बसावं लागतं. नेहमीची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये साठवली की तिरकी रेघ आणि 'दर' एवढं टाइप केल्यावर पूर्ण दरपत्रक समोर येतं. अशी ५० उत्तरं ठेवता येतात. दर, पत्ता, डिलिव्हरीचे वार, टिकण्याचा काळ आणि 'पैसे मिळाले' ही पाच आधी तयार करा.

लेबलं ही या अ‍ॅपमधली सगळ्यात दुर्लक्षित सोय. नवी ऑर्डर, पैसे यायचे आहेत, पैसे आले, ऑर्डर पूर्ण अशी लेबलं तयारच मिळतात. त्यात 'फोन करायचा' आणि डिलिव्हरीच्या तारखांची लेबलं वाढवा. मेसेज वाचला की लेबल लावूनच पुढे जायचं, ही शिस्त पाळली तर रात्री 'पैसे यायचे आहेत' उघडून एकेकाला आठवण करता येते. फोन दोघी वापरत असतील तर लेबल लावण्याचं काम एकीकडेच ठेवा. अ‍ॅप आणखी ४ उपकरणांना जोडता येतं, पण दोघींनी एकाच गिऱ्हाइकाला दोन वेगळे दर सांगितल्याचा प्रकार तिथूनच सुरू होतो.

ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगळा पोचवणाऱ्या यादीत, २५६ नंबर बसतात. पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो मेसेज पोचतो, आणि 'मेसेज पाठवला, कोणी उत्तरच देत नाही' या तक्रारीचं निम्मं कारण हेच असतं. उपाय साधा आहे: डबा देताना चिठ्ठी घाला, 'नंबर सेव्ह करा, पुढच्या वर्षीचे दर आधी तुम्हाला.' ग्रुप मात्र करू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि तुमच्या गिऱ्हाइकांची यादी समोरच्या फराळवालीला आयती मिळते.

बल्क मेसेज पाठवणारी जी स्वस्त सॉफ्टवेअरं विकली जातात, एका क्लिकवर दहा हजार वगैरे, ती व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमांत बसत नाहीत. चार लोकांनी 'स्पॅम' दाबलं तरी नंबर बंद होऊ शकतो, आणि नंबरासोबत अनेक वर्षांच्या गप्पा, पत्ते, हिशेब जातात. अधिकृत वाट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा बिझनेस प्लॅटफॉर्म, ज्याला सगळे एपीआय म्हणतात. तिथे आपण होऊन पाठवायचा मेसेज आधी टेम्प्लेट (ठरावीक नमुना) म्हणून मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे पडतात. गिऱ्हाइकाने मेसेज केला की २४ तास मोकळेपणी उत्तर देता येतं. मेसेजच्या दराशिवाय ही सेवा जोडून देणाऱ्या मधल्या कंपनीची महिन्याची फी वेगळी, आणि विकणारा ती बहुतेकदा दुसऱ्या पानावर लिहितो. एक-दोन माणसं लेबलांवर काम निभावून नेत असतील तर याची गरज नाही, असं स्पष्ट मत आहे.

साध्या एसएमएसबद्दल एवढंच: धंद्याचे मेसेज पाठवायला टेलिकॉम कंपनीकडे डीएलटी नोंदणी (पाठवणाऱ्याची आणि मजकुराची नोंद) लागते, आणि मराठी मेसेजमध्ये १६० ऐवजी ७० अक्षरंच बसतात. ७१ वं अक्षर आलं की दोन मेसेजचे पैसे. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार हेही वेगळे मोजले जातात, त्यामुळे ७० दिसतात तेवढे नसतात.

ऑर्डर फॉर्म

गूगल फॉर्म फुकट आहे, भरलेली माहिती थेट शीटमध्ये येते आणि शीट तुमच्याच खात्यात राहते. बहुतेक फॉर्म बिघडतात ते प्रश्नांच्या मांडणीमुळे.

सगळे पदार्थ एका ग्रिडमध्ये घालायचा मोह होतो: डावीकडे चकली, चिवडा, लाडू, वर अर्धा, एक, दोन किलो. मोबाइलवर ही ग्रिड आडवी सरकवावी लागते, शेवटचा रकाना दिसतच नाही आणि माणसं अर्धा किलोवर टिचकी मारून मोकळी होतात. त्यापेक्षा प्रत्येक पदार्थाला वेगळा ड्रॉपडाउन द्या. प्रश्नात लिहा 'भाजणीची चकली, किती किलो?' आणि पर्यायांत नुसते आकडे ठेवा, तेही इंग्रजी आकड्यांत: 0.5, 1, 2, 3. 'एक किलो' असा पर्याय ठेवला तर शीटमध्ये ते अक्षरं म्हणून येतं आणि बेरीज होत नाही. नुसता आकडा असेल तर रकान्याखाली बेरजेचं एक सूत्र घातलं की कोणत्याही क्षणी कळतं, आजवर चकली किती किलो झाली आणि भाजणी अजून किती भाजायची. डिलिव्हरीच्या तारखेचाही ड्रॉपडाउन ठेवा, मोकळी तारीख नको. तीन-चार ठरलेल्या तारखा दिल्या की पिव्होट टेबलमध्ये (शीटमधली आपोआप बेरजा लावून देणारी सोय) तारखेप्रमाणे आणि पदार्थाप्रमाणे तक्ता निघतो, तो छापून कढईजवळ चिकटवता येतो.

मोबाइल नंबराच्या प्रश्नाला रिस्पॉन्स व्हॅलिडेशन, म्हणजे चुकीचं उत्तर अडवणारी अट, लावा: संख्या, दरम्यान, ६०००००००००  ते ९९९९९९९९९९. चुकल्यावर दिसणारं वाक्यही स्वतः लिहा, 'इंग्रजीत १० आकडे, आधी ९१ नको'. ते न लिहिल्यास गिऱ्हाइकाला लाल अक्षरांत इंग्रजी सूचना दिसते आणि ते फॉर्म सोडून देतं. पिनकोडला १००००० ते ९९९९९९. पत्त्यासाठी परिच्छेदाचा प्रश्न घ्या आणि जवळची खूण वेगळ्या प्रश्नात विचारा. एकत्र विचारली की कोणी लिहीत नाही.

दोन गोष्टी टाळा. 'पेमेंटचा स्क्रीनशॉट अपलोड करा' असा फाइलचा प्रश्न घातला की फॉर्म भरणाऱ्याला आधी गूगलमध्ये लॉगिन करावं लागतं. 'एका माणसाला एकदाच' ही सेटिंगही लॉगिन मागते. ज्या काकूंना पासवर्ड आठवत नाही त्यांची ऑर्डर तिथेच थांबते, आणि त्या फोन करून सांगतील याची खात्री नाही. दुसरं, फॉर्मला जोडलेल्या मूळ शीटमध्ये खाडाखोड करू नका. ओळी पुसणं, मध्येच क्रम लावणं, रकाना हलवणं यातून कुठली नोंद कोणाची ते कळेनासं होतं. शेजारी दुसरी शीट उघडून त्यात मूळ माहिती सूत्राने ओढून घ्या आणि तिथे चाळणी लावा.

फॉर्मची मर्यादा अशी की तो साठा मोजत नाही. बेसनाचे लाडू ६० किलोच होणार असतील तरी तो ऑर्डर घेतच राहतो. रोज रात्री बेरीज बघून तो पदार्थ काढून टाकायचं काम माणसालाच करावं लागतं. हे रोज करावं लागतंय आणि तरी चुकतंय अशी वेळ आली की मग ऑनलाइन दुकानाचा विचार करा, त्याआधी नाही.

पैसे

यूपीआयवर व्यापाऱ्याकडून एमडीआर (पैसे घेण्याबद्दल कापली जाणारी फी) घेतला जात नाही, १ जानेवारी २०२० पासून. म्हणून घरगुती धंद्याला क्यूआर कोड पुरतो. धोका स्क्रीनशॉटचा आहे. पैसे गेल्याचा खोटा स्क्रीनशॉट बनवून देणारी अ‍ॅप सर्रास मिळतात. अस्सल दिसणारी हिरवी खूण बघून डबा देऊ नका. बँकेत किंवा व्यापारी अ‍ॅपमध्ये नोंद आली तरच पैसे आले. फॉर्मच्या शेवटी यूटीआरचा, म्हणजे व्यवहाराच्या नंबराचा, प्रश्न ठेवा. तो १२ आकडी असतो, काही अ‍ॅपमध्ये त्याला यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी म्हणतात. बँकेचं स्टेटमेंट उतरवून घेतलं की तो रकाना शीटमधल्या रकान्याशी जुळवता येतो. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पेमेंट गेटवे (वेबसाइटवर पैसे घेऊन तुमच्या खात्यात जमा करणारी सेवा) लागतो तो दोन कारणांनी: ऑर्डर आणि पैसे आपोआप जुळावेत म्हणून, किंवा कार्ड घ्यायचं म्हणून. नेहमीचा दर २ टक्क्यांच्या आसपास, आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. १,४५० रुपयांच्या डब्यावर २९ रुपये फी आणि ५ रुपये २२ पैसे कर, म्हणजे ३४ रुपये २२ पैसे गेले. पैसे खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस लागतात, आणि दिवाळीत बँकेच्या सुट्ट्या मध्ये येतात. किराणा उधारीवर आणणाऱ्याने हे दिवस धरूनच चालावं. नोंदणी करताना गेटवेवाले वेबसाइटवर संपर्क, अटी, गोपनीयता, पैसे परत करण्याची आणि डिलिव्हरीची अशी पानं मागतात. ही पानं नसल्यामुळे अर्ज अडकून पडतात, म्हणून गणपतीच्या आधीच अर्ज करावा.

गूगलवरची नोंद

गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि 'माझ्याजवळ फराळ' असं शोधणाऱ्याला नकाशावर तीच दिसते. घरून धंदा असेल तर पत्ता लपवता येतो आणि त्याऐवजी सेवा देता ते भाग द्यायचे, जास्तीत जास्त २०. अट एकच: गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष गाठ पडली पाहिजे, मग ती घरी येऊन डबा नेण्याने असो की तुम्ही पोचवण्याने. फक्त कुरिअरने माल पाठवणाऱ्याला ही नोंद मिळत नाही.

नावाच्या रकान्यात फक्त नाव. पाटीवर आणि पाकिटावर 'अन्नपूर्णा गृहउद्योग' असेल तर तेच; त्यापुढे 'उत्तम दिवाळी फराळ कोथरूड' असं शेपूट जोडलं की काही दिवस वर दिसता आणि मग कोणीतरी तक्रार करतं, प्रोफाइल निलंबित होतं. नेमकं ऑक्टोबरात. हे शब्द वर्णनात लिहा, तिथे ७५० अक्षरांची जागा आहे. धंद्याचा मुख्य प्रकार (कॅटेगरी) एकच निवडता येतो, जोडीला आणखी ९. मुख्य प्रकार सीझनमध्ये बदलू नका, कधी कधी पुन्हा पडताळणी करावी लागते.

पडताळणी आता बहुतेकदा व्हिडिओने होते. न थांबता, न कापता, साधारण अर्धा मिनिट तरी: आधी रस्ता किंवा सोसायटीची पाटी, मग दार, मग आत काम चालतं ती जागा, नाव छापलेली पाकिटं, सीलिंग मशीन, आणि धंदा तुमचाच असल्याचा कागद. माणसांचे चेहरे आणि बँकेचे आकडे टाळा. कुठेच नाव दिसत नसलेला स्वयंपाकघराचा व्हिडिओ नापास होतो, म्हणून पाकिटं छापून आल्यावरच हे काम काढा.

रिव्ह्यू मागायला हरकत नाही, पण 'पाच तारे द्या, ५० रुपये सूट' हे नियमात बसत नाही. डबा पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लिंक पाठवा. 'चकली खुसखुशीत नव्हती' असा रिव्ह्यू आला तर भांडू नका. कुठल्या तारखेचा डबा होता ते विचारा. वाचणारे उत्तरच वाचतात.

डोमेन, पान आणि क्यूआर

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं स्वतःचं नाव, घ्याच; वेबसाइट नंतर केली तरी चालेल. डॉट इन वर्षाला हजार रुपयांच्या आत मिळतं. पहिल्या वर्षाचा दर बघू नका, नूतनीकरणाचा बघा. ९९ रुपयांचं डोमेन दुसऱ्या वर्षी आठ-दहा पट होतं. नोंदणी स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या चालू नंबरावर. वेबसाइट करणाऱ्या मुलाने डोमेन त्याच्या खात्यातून घेतलं आणि तो नोकरीसाठी बंगळुरूला गेला की नाव त्याच्याबरोबर जातं. भांडण नसतं, फक्त त्याला पासवर्ड सापडत नसतो.

पानावर दरपत्रक चित्रात घालू नका. छापखान्याने दिलेलं पत्रक श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असेल तर त्यातला मजकूर उचलून पानावर टाकला की भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतात, आणि गूगलला त्यातलं काही कळत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर मराठी टाइप होतं त्याच पद्धतीने, पुन्हा टाइप करा. मुक्ता, बालू हे फॉन्ट मोफत आहेत. पानाची भाषा मराठी अशी लावली नसेल तर काही फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात. शोधणारे बरेच जण 'दिवाळी फराळ' इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, त्यामुळे शीर्षकात दोन्ही लिप्या हव्यात. फोटो २०० केबीच्या आत आणा. मोबाइलमधून थेट चढवलेले चार-पाच एमबीचे फोटो गावाकडच्या नेटवर उघडतच नाहीत.

क्यूआर कोडाचा सापळा मोठा आहे. ऑनलाइन 'फुकट क्यूआर' बनवणाऱ्या अनेक साइट डायनॅमिक कोड देतात, म्हणजे कोडात तुमचा पत्ता नसून त्यांचा असतो आणि तिथून गिऱ्हाईक तुमच्याकडे वळवलं जातं. चाचणीची मुदत संपली की स्कॅन केल्यावर 'हा कोड बंद आहे' असं दिसतं. तोवर ५,००० पाकिटं छापून झालेली असतात, आणि मग ते मागतील ती वर्गणी भरावी लागते. स्वतःच्या डोमेनवर एक छोटा पत्ता बनवा, त्याचा साधा स्टॅटिक कोड (ज्यात थेट तुमचाच पत्ता असतो) काढा आणि तो पत्ता कुठे वळवायचा ते आपल्या हातात ठेवा: यंदा फॉर्मकडे, पुढच्या वर्षी दुकानाकडे. छापताना कोड किमान २ सेंटिमीटर बाय २ सेंटिमीटर, चारही बाजूंनी कोडातल्या चार चौकटींएवढी पांढरी जागा, गडद कोड फिकट पार्श्वभूमीवर. चकचकीत पाऊचवर घडी पडते, म्हणून कोड काढताना दुरुस्तीची पातळी (एरर करेक्शन) क्यू घ्या. २५ टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. प्रूफ हातात आलं की तीन वेगवेगळ्या स्वस्त फोनवर स्कॅन करून बघा, मगच छपाईला हो म्हणा.

याच छोट्या पत्त्यांनी गिऱ्हाईक कुठून आलं तेही कळतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला मजकूर घालता येतो. पोस्टरवरच्या लिंकमध्ये 'फराळ हवा आहे, पोस्टर', इन्स्टाग्रामच्या लिंकमध्ये 'फराळ हवा आहे, इन्स्टा'. मेसेजच सांगतो कुठून आला. महागड्या अ‍ॅनालिटिक्सची गरज नाही. देवनागरी मजकूर लिंकमध्ये घातला की ती टक्क्यांच्या चिन्हांनी भरून लांबलचक होते, म्हणून तीही आपल्या छोट्या पत्त्यामागे लपवा.

तयार ऑनलाइन दुकान घ्यायचं झालं तर एकूण टक्के मोजा. शॉपिफाय (वर्गणीवर मिळणारं तयार दुकान) घेतलं तर त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही, त्यामुळे बेसिक प्लॅनवर गेटवेच्या फीशिवाय त्यांचे २ टक्के वेगळे. वूकॉमर्स (आपल्या वेबसाइटवर दुकान चालवायचं सॉफ्टवेअर) फुकट, पण होस्टिंग (वेबसाइट ठेवायची जागा), अपडेट, बॅकअप तुमच्या गळ्यात. ज्याच्या घरात हे बघणारं कोणी नाही त्याने वूकॉमर्सच्या वाटेला जाऊ नये.

जाहिरात

गूगलवर 'चकली' शोधणाऱ्यांत विकत घेणारे थोडे, कृती शोधणारे जास्त. म्हणून पहिल्याच दिवशी नको असलेल्या शब्दांची यादी घाला: रेसिपी, कृती, कशी करायची, साचा, प्रमाण, क्लास, नोकरी, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत दोन्हीकडे. दर दोन दिवसांनी शोधाच्या शब्दांचा अहवाल उघडून यादीत भर घाला. मोहीम उघडताना सर्च पार्टनर आणि डिस्प्ले नेटवर्क, म्हणजे गूगलच्या शोधाबाहेरच्या जागा, यांवर आधीच टिक असते, ती काढा.

ठिकाणाची सेटिंग आधीपासून 'तिथे असलेले किंवा त्या ठिकाणात रस असलेले' अशी असते. पुण्यात डबे पोचवणाऱ्याला सहसा 'तिथे असलेले' हवी. अपवाद एक, आणि तो आपल्याकडे चांगला चालतो: बंगळुरू, दुबई किंवा न्यू जर्सीत राहणारा मुलगा आईवडिलांच्या पुण्यातल्या घरी डबा पाठवतो. त्याच्यासाठी वेगळी छोटी मोहीम करा आणि जाहिरातीत 'पैसे तिथून, डबा घरी' हे स्पष्ट लिहा. परदेशी कार्ड घ्यायचं तर गेटवेवर आंतरराष्ट्रीय पेमेंट वेगळं मंजूर करून घ्यावं लागतं आणि त्याचा दर जास्त असतो.

रोजचे २०० रुपये ठरवले तर एखाद्या दिवशी गूगल ४०० पर्यंत खर्च करतं; महिन्याची कमाल मर्यादा २०० गुणिले ३०.४, म्हणजे ६,०८० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ७,१७४ रुपये. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर हा कर परत मिळत नाही, तो खर्चातच धरा. मग हिशेब करा. समजा एका डब्यामागे सगळा खर्च जाऊन ३५० रुपये उरतात, एक क्लिक ८ रुपयांना पडते आणि शंभर क्लिकमागे ३ ऑर्डरी येतात. म्हणजे एका ऑर्डरीला २६७ रुपये जाहिरातीत गेले, हातात राहिले ८३. तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी जाहिरातीविना परत आलं तरच हे परवडतं, आणि ते येण्यासाठी त्याचा नंबर तुमच्या यादीत हवा.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पोस्टखालचं 'बूस्ट' बटण दाबू नका. त्याने लाइक वाढतात. अ‍ॅड्स मॅनेजरमधून मेसेजचा उद्देश निवडा. मग वेगळीच कटकट सुरू होते: लोक तयार वाक्यावर बोट ठेवून 'अधिक माहिती मिळेल का' पाठवतात आणि गायब होतात. ते थोपवायचं तर जाहिरातीतच दर, किमान ऑर्डर आणि कुठे पोचवता ते लिहा. मेसेज कमी येतील, कामाचे येतील.

डबा पोचवताना

कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. ३० बाय २५ बाय २० चा खोका ३ किलोचा धरला जातो, आत एक किलोच पोह्यांचा चिवडा असला तरी. म्हणून वेबसाइटवर नुसत्या चिवड्याला मोफत डिलिव्हरी ठेवू नका; लाडू-शंकरपाळी सोबत असलेल्या डब्यालाच ठेवा, जड माल त्याच खोक्यात बसतो. बंद खोक्याचा काट्यावर आणि टेपसोबत फोटो काढून ठेवा, वजनाचा वाद झाला की तोच कामी येतो.

आणि फॉर्म साऱ्या भारताला उघडा ठेवण्याआधी जीएसटी बघा. मालाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात नोंदणी लागत नाही, पण दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकला की उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. मुंबईहून पणजीला पाठवलेला डबाही परराज्यातलाच. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात, पण ४०३ गोव्याचा. शीटमध्ये त्यावर चाळणी लावा. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर पाकिटावर असतोच, तो पानावर आणि कॅटलॉगमध्येही घाला.

दिवाळी झाल्यावर

सीझनच्या धंद्याला वर्षाची वर्गणी 'चाळीस टक्के स्वस्त' दिसली तरी बहुतेकदा महागच पडते. ऑगस्ट ते नोव्हेंबर महिन्याच्या हिशेबाने भरा आणि बंद करा. बंद केल्यावर माहिती किती दिवस ठेवतात ते आधी विचारून घ्या. कार्डावरून आपोआप कापली जाणारी रक्कम १५,००० पर्यंत असेल तर दर वेळी ओटीपी येत नाही. २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, तो वाचत जा. डॉलरमधल्या टूलवर बँकेचा परकीय चलनाचा आकार वेगळा लागतो.

भाऊबीज झाली की सगळ्या टूलमधून यादी सीएसव्हीमध्ये (कुठल्याही शीटमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवून घ्या. ती फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा टिचकी मारून उघडली तर मराठी नावांच्या जागी चिन्हं दिसतात आणि ९१ लावलेले १२ आकडी नंबर ९.१९ई+११ असे होतात. तशीच सेव्ह केली तर नंबर गेले. डेटा मेनूतून टेक्स्ट-सीएसव्ही आयात करा, मराठी अक्षरं नीट दिसण्यासाठी यूटीएफ-८ निवडा आणि नंबराच्या रकान्याला 'टेक्स्ट' द्या.

त्याच दिवशी एजन्सीला किंवा मदतनीस मुलाला दिलेले हक्क तपासा. गूगल प्रोफाइलवर 'प्रायमरी ओनर' तुम्हीच हवेत, बाकीचे मॅनेजर. फेसबुक पेज आणि जाहिरातीचं खातं तुमच्या बिझनेस खात्यात हवं, एजन्सीच्या नव्हे. त्यांना प्रवेश द्या, पासवर्ड देऊ नका. जाहिरातीचं बिल तुमच्या कार्डावर आणि तुमच्या नावावर. एजन्सी म्हणाली 'आमच्या खात्यातून चालवतो, सोपं पडेल', तर करार संपताना किती शब्दांवर किती खर्च झाला याची एक ओळही मिळणार नाही, आणि पुढच्या वर्षी नको असलेल्या शब्दांची यादीही पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल. शेवटी फॉर्म बंद करा. बंद असल्याचा मजकूर बदलून 'पुढचे दर रक्षाबंधनानंतर, नंबर सेव्ह करून ठेवा' असा लिहा, आणि डोमेन नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये महिनाभर आधीची घालून ठेवा.